भरतीच्या वेळा सांगणाऱ्या सुमतीअक्का

धुळ्यापासून समुद्र फार लांब. आमच्या गल्लीतील निम्म्या मंडळींनी तो केवळ चित्रपटात पाहिलेला होता. तरीही त्या गल्लीतून, किंबहुना अर्ध्या गावातून, जो कोणी कोकणात सहलीला निघे, तो एस.टी.च्या चौकशीला जाण्यापूर्वी आमच्या शेजारच्या घराची कडी वाजवी. त्या घरात सुमतीअक्का राहत.

अक्का वयाने माझ्याहून लहान. परंतु सारी गल्ली त्यांना अक्का म्हणे, म्हणून मीही म्हणत असे. मी तेव्हा एका शाळेत संस्कृत शिकवीत होतो आणि गल्लीने मला 'शास्त्री' ही पदवी बहाल केली होती. गोष्ट सन ऐंशीच्या आगेमागेची आहे.

आलेल्या माणसाला अक्का ओसरीवर बसवीत आणि स्वतः माजघराच्या दारात उभ्या राहत. तेथे मी त्यांना बसलेले पाहिल्याचे मला आठवत नाही. बोलताना अर्धे लक्ष पाहुण्याकडे आणि अर्धे आत देवघराकडे असे. घाटात शिरण्यापूर्वी तेलकट खाऊ नका, कोरडी भाकरी चावा, असे सांगून त्या आरंभ करीत. जांभ्या दगडाच्या पायऱ्यांवर शेवाळे असते. पाऊल मध्यभागी न टाकता कडेच्या खरखरीत दगडावर टाका. डोंगरमाथ्यावर ढग असतील तर खाली कितीही लख्ख ऊन असो, ओढ्याच्या पात्रात जेवायला बसू नका; पाणी वरून येते, सांगून येत नाही. उथळ समुद्रात पाय उचलून चालू नका, घासत चाला. वाळूत पाकट मासळी निजलेली असते, तिच्या शेपटीला काटा असतो. ज्यांना पोहण्याची हौस असे त्यांना त्या म्हणत, "किनाऱ्यावरच्या माणसाला विचारा. तो नको म्हणाला तर जाऊ नका, आणि नुसता हसला तर मुळीच जाऊ नका." लाटांकडे पाठ करून उभे राहणाऱ्यांचा त्यांना राग येई. "वडीलधाऱ्यांसमोर पाठ करून उभे राहता का?" असे विचारीत.

या साऱ्यात मला मोहविले ते त्यांच्या भरतीच्या गणिताने. तिथीची पाऊणपट करायची. जो आकडा येईल तितक्या वाजता भरती पूर्ण. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणून सहाच्या सुमारास भरती आणि सुमारे सहा तासांनी ओहोटी. मी जन्मभर पंचांग उघडले ते व्रते, श्राद्धे आणि मुहूर्त पाहण्यासाठी. तीच तिथी एवढे अफाट पाणी उचलते आणि खाली ठेवते, हे कळले तेव्हा मी त्या रात्री पंचांगाला वेगळाच नमस्कार केला.

अक्कांचे वडील खाडीच्या तोंडाशी असलेल्या एका खडकावरील शिवालयाचे पुजारी होते. ओहोटीला तो खडक किनाऱ्याशी जोडला जाई, भरतीला बेट होई. वडिलांचे बोट धरून लहानपणी अक्का रोज तेथे जात. हे गणित त्यांना तेथे मिळाले. आता त्यांचे थोरले बंधू ती पूजा करीत.

सहलीहून परतलेली मंडळी शंखशिंपले घेऊन अक्कांकडे येत. त्या ते कौतुकाने पाहत आणि परत देत. विचारीत मात्र एकच, "वारा कुठून होता?" याचे उत्तर कोणालाही देता येत नसे. गेलेला माणूस माशांच्या, नारळांच्या, खोलीच्या भाड्याच्या गोष्टी सांगे. अक्का थोडा वेळ थांबत आणि आत जात.

आत दिवा होता.

अक्कांचे यजमान दत्तूभाऊ तरुणपणी विषमज्वराने अंथरुणाला खिळले होते. डॉक्टरांनी आशा सोडली, त्या रात्री त्यांच्या मातोश्रींनी, माईंनी, देवापुढे हात जोडले आणि माझा दत्तू जिवंत आहे तोवर या घरातला दिवा शांत होणार नाही, असा शब्द दिला. दत्तूभाऊ उठले. तेव्हापासून त्या देवघरात पितळेचा नंदादीप अहोरात्र तेवत होता. त्यात शेंगदाण्याचे तेल घालायचे ते सोवळ्याने, माईंनी स्वतः किंवा घरच्या सुवासिनीने. पुढे माईंचे गुडघे गेले आणि व्रत त्यांचे, हात अक्कांचे, अशी वाटणी झाली. दिवसातून चारपाच वेळा तेल, वात सरकविणे, काजळी झाडणे. त्यामुळे दिवा हाती आल्यापासून अक्का एकही रात्र घराबाहेर राहिल्या नव्हत्या. वडील वारल्याची तार आली तेव्हा त्यांनी न्हाणीघरात अंघोळ केली आणि सुतक संपताच पुन्हा तेलाची बुधली हाती घेतली.

महिन्यातील चार दिवस अक्का बाजूला बसत, तेव्हा माई कण्हत स्वतः तेल घालीत. म्हणजे दिव्याला अक्कांची गरज नव्हती असे ते चार दिवस. परंतु त्या दिवसांत प्रवास करणे माईंना मान्य नव्हते. हे मी एकदा मनाशी जुळवून पाहिले आणि त्या घराची दारे किती नेटकी बसविली होती, हे माझ्या ध्यानी आले. मी व्रतांचा आदर करणारा मनुष्य आहे. त्या दिव्यासमोर मी प्रत्येक वेळी मस्तक नमवीत असे. तरी मान वर केल्यावर दिव्याशेजारची अक्कांची मुद्राही दिसे.

ज्यांच्या आयुष्यासाठी हा खटाटोप होता ते दत्तूभाऊ मात्र गावोगाव हिंडत. कचेरीची सुटी लागली की आज तोरणमाळ, उद्या गिरनार. मनुष्य मनाचा मोकळा, पत्त्यांचा शौकीन. कड्यावर अगदी टोकाला उभे राहून मित्रांना सांगायचे, "भिता काय? माझा दिवा घरी आहे."

त्यांचे एक जिवलग स्नेही होते, शिंदखेड्याकडचे रामदासनाना. तापीकाठची शेती आणि स्वतःची जीपगाडी. एकदा नाना कुटुंबासह कोकणात निघाले आणि रीतसर अक्कांकडे येऊन बसले. अक्कांनी बजावून सांगितले, वाळलेल्या शेवाळाची जी रेघ किनाऱ्यावर दिसते तिच्या खाली गाडी नेऊ नका. नानांनी मान डोलावली. तेथे पोहोचल्यावर पाहतात तो पाणी पार खाली गेलेले, वाळू ओली आणि घट्ट. नानांनी आयुष्यभर तापीचे पूर पाहिले होते. पूर उतरला की उतरला, हा त्यांचा अनुभव. त्यांनी गाडी रेघेच्या खाली, पाण्याजवळ नेऊन लावली आणि मंडळी जेवायला गेली. येऊन पाहतात तो गाडीत समुद्र. कोळी बांधवांनी दोर लावून ती ओढून काढली.

धुळ्यास परतल्यावर नाना तोंड लपवीत नव्हते; उलट तक्रार घेऊन आले. "अक्का, तो समुद्र माघारे येस," ते आपल्या अहिराणीत म्हणाले. "आमनी तापी असं करस नही."

"तरी मी सांगितलं होतं, नाना."

"तुम्हीन सांगं व्हतं. पन मी म्हनं, गयं पानी ते गयं."

त्या दिवशी अक्का मोठ्याने हसल्या. आतून माईंनी विचारले, कोण आले आहे, आणि हसणे थांबले.

असे काही वर्षे चालले. मग एका पौषात अक्कांच्या बंधूंचे पत्र आले. त्यांची मुले मुंबईस होती, तेही आता तिकडे जाणार होते. माघानंतर बेटावरची पूजा दुसऱ्या घराकडे जायची होती. देवळाची किल्ली आपल्या घरी आहे तोवर एकदा येऊन जा, इतकेच त्यांनी लिहिले होते.

अक्का पत्र घेऊन आमच्याकडे आल्या. उभ्यानेच म्हणाल्या, "मला जायचं आहे. मी विचारलं तर माई नाही म्हणतील. तुम्ही शास्त्र म्हणून विचारा."

मी दोन दिवस ग्रंथ पाहिले. व्रती असमर्थ असेल तर प्रतिनिधी नेमता येतो, याला आधार होता. तिसऱ्या दिवशी मी आणि आमची सौभाग्यवती माईंकडे गेलो. माई ओसरीवर खुर्चीत होत्या. दत्तूभाऊ खांबाला टेकून बसले होते. अक्का माजघराच्या दारात.

मी विषय काढताच माई म्हणाल्या, "शास्त्री, तुम्ही शाळेत पोरांकडून रूपं पाठ करून घ्या. आमच्या घरचं शास्त्र आमचं आम्ही बघू."

मी म्हणालो, "माई, प्रतिनिधी तुम्ही आधीच नेमला आहे. शब्द तुमचा, आणि तेल इतकी वर्षं सुमतीअक्का घालतात. त्या चालतात, तर चार दिवस आमच्या घरची सुवासिनी चालेल. ती इथेच, याच छपराखाली राहील."

 दत्तूभाऊ म्हणाले, "जाऊ दे ना माई. चार दिवसांत मी काही मरत नाही."

"तू गप्प. तुझ्या जिवाबद्दल बोलायचा तुला हक्क नाही."  माईंची भीती खरी होती. मी त्या वृद्धेला कधी दुष्ट म्हणू शकलो नाही. मग त्या सुनेकडे न पाहता म्हणाल्या, "रविवारच्या सकाळच्या पूजेला घरात पाहिजे. नाहीतर पुन्हा नाव काढायचं नाही."

नानांनी जीप आणली. गाडीत दत्तूभाऊ, अक्का आणि मी. आमची सौभाग्यवती दिव्यापाशी.  घाट उतरताना हवा जड झाली, खारा वास आला, तसे नानांनी मागे वळून विचारले, "अक्का, वास उना का दर्याना?" अक्कांनी नुसती मान हलविली आणि खिडकीची ताडपत्री सोडून बाजूला केली.

शनिवारी माघ वद्य पंचमी होती. सकाळी नवाच्या सुमारास आम्ही बंधूंसह ओल्या खडकांवरून बेटावर गेलो. काळाभोर कातळ, त्यावर लहानसे शिवालय, दोन चाफे आणि एक पाण्याचे टाके. बंधूंनी अभिषेक केला. अक्कांनी गाभारा स्वतः घासला, धुतला, पुसला. बंधूंना गावात आणखी एक पूजा होती. निघताना किनाऱ्याकडच्या एका घोड्याच्या पाठीसारख्या खडकाकडे बोट करून ते म्हणाले, "त्याला पाणी लागलं की निघा. सुमतीला माहीत आहे." जेवून लगेच निघायचे, रात्रभर प्रवास करून पहाटे धुळे गाठायचे, असा आमचा बेत होता.

मी मनाशी हिशेब केला. पाचाची पाऊणपट पावणेचार. पावणेचारला भरती, म्हणजे बारानंतर वाट राहणार नाही. अकराला मी अक्कांना आठवण करून दिली. "अजून अवकाश आहे," त्या म्हणाल्या. सांगणाऱ्या त्या होत्या. मी निश्चिंत झालो. नाना चाफ्याखाली घोरत होते. दत्तूभाऊ टाक्यात खडे टाकीत बसले होते.

अक्का देवळाच्या पायरीवर, पाण्याकडे तोंड करून बसल्या होत्या. थोड्या वेळाने घोड्याच्या पाठीला पाणी लागले. मी पाहिले. अक्कांनीही पाहिले, त्यांची दृष्टी त्याच खडकावर होती. त्या उठल्या नाहीत. मी बोलायला तोंड उघडले, तेव्हा त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिले आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "शास्त्री, बसा."

मी बसलो. खडकाची पाठ बुडाली. मग वाटेतले दगड एकेक करून गेले.

नाना जागे झाले आणि डोळे चोळीत किनाऱ्याकडे पाहत राहिले. "रस्ता कोठे गया?" त्यांनी विचारले. दत्तूभाऊ धावत कातळाच्या टोकाला गेले, दुसऱ्या टोकाला गेले, परत आले.

"आता कधी निघायचं?"

"सातनंतर," अक्का म्हणाल्या.

"सातपर्यंत इथे करायचं काय?"

"काही करायचं नाही."

दत्तूभाऊंनी किनाऱ्याच्या दिशेने हाका मारल्या. वारा उलटा होता. हाका आमच्याकडेच परत आल्या. एखादी होडी दिसते का म्हणून ते बेटाला फेऱ्या घालू लागले. बेट एवढेसे, निघाले की पुन्हा आमच्यासमोरच येत. माई काय म्हणतील, रविवारची पूजा, गाडी, घाट, सारे त्यांनी बोलून दाखविले. शेवटी ते अक्कांसमोर येऊन उभे राहिले. 

"अडकलो की गं आपण," ते म्हणाले. "जीव घुसमटतो इथे."

"हो," अक्का म्हणाल्या. "असंच असतं ते."

दत्तूभाऊ बायकोकडे पाहत राहिले. मग देवळाच्या भिंतीला पाठ लावून खाली बसले. त्यानंतर त्यांनी फेरी घातली नाही.

दुपारी पाणी पूर्ण चढले. चारी बाजूंनी कातळावर लाटा आदळत होत्या. नाना शिवाचे नाव घेत गाभाऱ्यात जाऊन बसले. तेव्हा मला दिसले की अक्का चाफ्याच्या सावलीत, पदर उशाशी घेऊन, गाढ झोपल्या आहेत. इतकी वर्षे घरी मी त्यांना बसलेलेही पाहिले नव्हते. निजलेले पाहणे मला संकोचाचे वाटले, म्हणून मी तोंड फिरवून बसलो. ओहोटी लागली तरी त्या जाग्या झाल्या नाहीत. सायंसंध्येसाठी मी टाक्यातले पाणी घेतले, तेव्हा त्या उठून बसल्या, केस नीट केले आणि बराच वेळ वाऱ्याकडे तोंड करून राहिल्या.

साडेसातला बंधू कंदील घेऊन पलीकडे आले. त्यांनी बहिणीला काही विचारले नाही. नाना अंधारात घाट चढायला तयार नव्हते, म्हणून पहाटे निघालो आणि रविवारी दिवेलागणी झाल्यावर धुळ्यास पोहोचलो.

दिवा तेवत होता. आमची सौभाग्यवती देवघराच्या दारात उभी होती. माई ओसरीवर, खुर्चीत. आमच्या आधीच नानांनी बोलायला आरंभ केला. समुद्राने कसा घात केला, वाट कशी बुडाली. माईंनी हात वर करून त्यांना थांबविले. त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग सुनेकडे.

"पाणी आलं," त्यांनी विचारले, "की हिने येऊ दिलं?"

 पुजाऱ्याच्या लेकीला भरती चुकत नाही, हे माईंनाही ठाऊक होते.

"येऊ दिलं," अक्का म्हणाल्या.

माईंनी डोळे मिटले. मग म्हणाल्या, "हातपाय धुऊन घे. आता पुन्हा जाणं नाही."

"नाही," अक्का म्हणाल्या. त्या आवाजात तक्रार नव्हती. अंघोळ करून, सोवळे नेसून त्यांनी बुधली उचलली आणि आमच्या सौभाग्यवतीला हाताने खूण करून मोकळे केले.

त्यानंतरही सहलीला निघालेले लोक येत आणि अक्का पूर्वीसारखेच सारे सांगत. फक्त परतलेल्यांना त्या वाऱ्याचे विचारीनाशा झाल्या. दत्तूभाऊंचे मित्र सुटीत बोलवायला येत, तेव्हा ते काही ना काही सबब सांगत. दिवा घरी आहे, हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पुन्हा ऐकले नाही. कधी संध्याकाळी देवघराच्या दाराशी, सोवळ्याला धक्का लागणार नाही इतक्या अंतरावर, ते नुसते बसून अक्कांचे हात पाहत.

माई गेल्या त्या सन नव्वदच्या पुढे. त्यांचे दिवसकार्य झाल्यावर मी अक्कांना सुचविले की ज्यांनी शब्द दिला त्या आता नाहीत. यथाविधी उद्यापन करून दिवा शांत करता येईल. अक्कांनी नकार दिला. "शब्द यांच्या जिवाचा आहे," त्या म्हणाल्या. "माझ्या हाताने नाही व्हायचं." मी पुन्हा तो विषय काढला नाही. मृत्यूची भीती शास्त्राच्या आधाराने जात नाही, इतके मला वयाने शिकविले होते.

मीही निवृत्त झालो होतो. जळगावास मुलाकडे कायमचे जायचे ठरले, तेव्हा निघण्याच्या आदल्या दिवशी सकाळी निरोप घ्यायला त्यांच्याकडे गेलो. दार उघडेच होते. देवघरासमोर दत्तूभाऊ उभे होते; अंगावर ओला पंचा, केसांतून पाणी निथळते आहे, हातात तेलाची बुधली. फरशीवर तेल सांडले होते. मला पाहून ते दोन पावले मागे सरले.

"शिवू नका, शास्त्री, सोवळ्यात आहे," ते म्हणाले. "पुरुषाने घातलेलं चालतं ना?"

मी म्हणालो, ज्याच्या जिवासाठी आहे त्याने घातलेले न चालायला काय झाले.

"तेच म्हटलं. दिवा माझा, आणि राबली ती."

अक्का ओसरीवर उभ्या होत्या. प्रवासाचे लुगडे, खांद्याला कापडी पिशवी. कोकणात आता माहेरचे कोणी नव्हते; कोणाकडे उतरणार, असे मी विचारले तेव्हा त्यांनी खाडीकाठच्या एका बालमैत्रिणीचे नाव सांगितले. मी पिशवी घेऊन स्थानकापर्यंत येतो म्हणालो. त्या नको म्हणाल्या. मला वाकून नमस्कार केला आणि पायऱ्या उतरल्या.

दत्तूभाऊ उंबरठ्यापर्यंत आले. सोवळ्यात असल्यामुळे त्यांना बाहेर पाऊल टाकता येत नव्हते. चौकटीला हात न लावता, मान पुढे काढून त्यांनी हाक मारली, "अगं, परत कधी?"

अक्कांनी पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. थांबल्या नाहीत. "कळवते," त्या म्हणाल्या आणि गल्लीच्या वळणावरून दिसेनाशा झाल्या.

दत्तूभाऊ आणखी काही वेळ तसेच पाहत उभे राहिले असते. परंतु आत वात तडतडली, आणि त्यांना वळावे लागले.